शाडूच्या खड्ड्यातला जीव

बाबा, काल मी त्याला पाहिलं. मुंबईतल्या एका मोठ्या लॅबमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली, जिवंत आणि चांगला ठणठणीत, वळवळताना पाहिलं. तुम्हाला आमच्यातून घेऊन गेला तो. तुम्ही म्हणाल, मला तर कावीळ घेऊन गेली. आपल्या घरात सगळे इतकी वर्षं तेच म्हणत आले आणि मीही तेच म्हणत होते. पण कावीळ ही नुसती त्याची खूण होती. तो एक जंतू आहे, केसाहून कितीतरी बारीक, पिळलेल्या सुतळीसारखा, आणि तो आपल्याच कारखान्यातल्या शाडूच्या खड्ड्यात होता. कालपासून मला हे बोलल्याशिवाय राहवत नाहीये. नवऱ्याला सांगून झालं, पण तो धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेला, "ऐकतोय, ऐकतोय" म्हणता म्हणता घोरायला लागला. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, बाई गं, जेवणाच्या वेळेला नको. मग म्हटलं, ज्याला सांगायला हवं त्यालाच सांगावं. म्हणून रोह्याच्या ह्या स्वयंपाकघरात, गॅसवर भात ठेवून, ओट्याच्या कडेला बसून तुम्हाला लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय, कारण हात थांबत नाहीये.

आधी माझी नीट ओळख करून द्यायला हवी, कारण तुम्ही ओळखता ती मुलगी दोन वेण्या घालून शाळेत जाणारी होती. मी आता एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. लोकांच्या दंडाला फडकं बांधून रक्त काढते, काचेवर त्याचा थेंब पसरते, रंगवते आणि बघत बसते. रंगवते हे वाचून तुम्ही हसाल. आपल्या घरात बाकीच्यांनी गणपती रंगवले, मी रक्त रंगवते. इथे भाताची लावणी सुरू झाली की तापाचे पेशंट यायला लागतात, गुडघाभर चिखलात उभे राहिलेले, बांधावर अनवाणी हिंडलेले. त्यांच्यात काहींना लेप्टो निघतो. लेप्टो म्हणजे त्याचं घरगुती नाव, पूर्ण नाव उच्चारायला निम्मा चहा गार होतो. तो उंदराच्या मूत्रपिंडात सुखाने राहतो, उंदराला काही करत नाही, त्याच्या मुतातून ओल्या मातीत उतरतो आणि माणसाच्या पायाला भेग, खरचटलेलं असं काही दिसलं की तिथून आत शिरतो. हे मला नोकरी लागल्यापासून पाठ होतं. आणि तरी बाबा, माझ्या डोक्यात तो शेताचा आणि पुराचा आजार होता. आपला कारखाना डोक्यातल्या दुसऱ्याच कप्प्यात, अगरबत्तीच्या वासाच्या कप्प्यात ठेवलेला होता. एका कप्प्यातलं दुसऱ्यात ओतायला मला ह्या आषाढापर्यंत वाट पाहावी लागली.

तुमचा तो खड्डा मला अजून जसाच्या तसा दिसतो. मागच्या पडवीत, चारही बाजूंनी विटा लावलेला, तुमच्या मांडीइतका खोल. शाडूची पोती त्यात रिकामी करायची, पाणी सोडायचं, रात्रभर भिजू द्यायचं आणि सकाळी तुम्ही लेंगा वर खोचून आत उतरायचात. उतरण्याआधी पाय धुऊन खड्ड्याला हात जोडायचात. बाप्पाच्या मातीला पाय लावतोय, माफ कर, असं पुटपुटायचात आणि मग तिला असं काही तुडवायचात की भिंतीवरची कॅलेंडरं हलायची. चप्पल सोडाच, पायाला साधं फडकं बांधलेलंही तुम्हाला चालत नसे. खडा लागला तर पायाला कळतो, बुटाला काय कळणार, हे तुमचं म्हणणं. शाडू सुकला की कातडीतलं सगळं तेल ओढून घेतो, त्यामुळे तुमच्या टाचांना बारा महिने भेगा. दिवेलागणीला तुम्ही ओसरीवर बसून कोकमतेलाचा गोळा वाटीत वितळवायचात आणि भेगांत भरायचात, आणि मला हाक मारायचात, "पोटऱ्या तुडव गो जरा." मी भिंतीला धरून तुमच्या पोटऱ्यांवर उभी राहायचे आणि खड्ड्यात तुम्ही नाचायचात तशीच नाचायचे. तुम्ही डोळे मिटून "आता बरा वाटला" म्हणायचात. मला वाटायचं, आपण फार मोठ्या कामाच्या आहोत.

आणि पाव्हणे आठवतात का? आपल्या कारखान्यात उंदराला उंदीर म्हणायची सोय नव्हती. हंगामाची पहिली माती मळली की पहिल्या गोळ्याचा मूषक व्हायचा, त्याला पाटावर बसवून पूजा व्हायची आणि तिथपासून बाप्पा घरोघर जाईपर्यंत कारखान्यातल्या उंदरावर हात उगारायचा नाही, असा तुमचा नेम होता. वर त्यांच्यासाठी खड्ड्याच्या कडेला मूठभर चुरमुरे. त्यांना खायला मिळालं की ते मूर्तीचे कान कुरतडत नाहीत, असा तुमचा हिशेब. मी एकदा खराटा घेऊन एका गलेलठ्ठ पाव्हण्याच्या मागे लागले, त्याला कोपऱ्यात गाठलंही, तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला. "ठेव तो खराटा. त्याच्या मालकाचं अन्न खातो आपण." तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण त्या दिवशी असे बघत राहिलात की त्यापेक्षा एक फटका परवडला असता. मी दुपारभर तोंड फुगवून बसले. संध्याकाळी तुम्ही तुमचा आखणीचा बारीक ब्रश, झिजून चार केसांवर आलेला, माझ्या हातात ठेवलात आणि साच्यातून निघालेले मूषक ओळीने मांडून म्हणालात, "बाप्पाचे डोळे मी आखतो, ह्यांचे तू आख. डोळे आखलेस की मारावासा नाय वाटणार." आणि खरंच नाही वाटला. त्या हंगामात पेणहून गेलेले आपले सगळे मूषक माझ्या डोळ्यांनी बघत होते, थोडे तिरळे, पण बघत होते.

त्याच्या पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मी आता तो आठवडा पुन्हा पुन्हा काढून बघते आहे आणि दर वेळी कपाळावर हात मारून घेते आहे, कारण सगळं समोर होतं बाबा! तुम्हाला थंडी वाजून ताप आला. सगळे म्हणाले, दिवसभर ओल्यात उभा असतो, येणारच. डोळे लालबुंद झाले. सगळे म्हणाले, आखणीला बसलाय, डोळ्यांवर ताण आलाय. पोटऱ्या धरल्या. त्यात तर बोलायलाच काही नव्हतं, माती तुडवणाऱ्याच्या पोटऱ्या दुखणार नाहीत तर कुणाच्या? मला तुम्ही नेहमीसारखी हाक मारलीत, मी नेहमीसारखी वर चढले आणि पहिल्याच पावलाला तुम्ही असे ओरडलात की मी खाली पडले. तुम्हीच घाबरलात, मला जवळ घेतलंत, "तुझं वजन वाढलं गो" म्हणालात. मी तेव्हा काडी होते. मग डोळे पिवळे झाले आणि सगळ्यांना हायसं वाटलं, कारण आता आजाराला नाव मिळालं. काका जाऊन कावीळ उतरवायची माळ घेऊन आले. गळ्याभोवती घट्ट बसणारी ती बारीक काड्यांची माळ सैल होत छातीवर आली, मग बेंबीपर्यंत आली, आणि आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की बघा, उतरते आहे. तुमची लघवी बंद झाली होती हे कुणी मोजलं नाही. माळ उतरली, तुम्हीही उतरलात. कारखान्यात बिनडोळ्यांचे बाप्पा रांगेने बसले होते, त्यांची आखणी शेजारच्या कारखान्यातल्या माणसांनी येऊन केली. त्या ओळीत मला कुणी जाऊ देत नव्हतं, पण मी दारातून पाहिली होती. ती मला अजूनही दिसते.

काकांनी नंतर प्लास्टरचं काम सुरू केलं. साच्यात ओतायचं, वाळलं की काढायचं, तुडवायला नको. खड्ड्यात भंगार टाकून त्यावर फळ्या टाकल्या. तुमचा मुलगा त्या फळ्यांवर क्रिकेट खेळत मोठा झाला आणि आता कारखाना तोच बघतो. त्याचा हात तुमच्यावर गेलाय, हे मी त्याच्या तोंडावर बोलत नाही, डोक्यावर बसेल. अलीकडे गिऱ्हाईक पुन्हा शाडूचा बाप्पा मागायला लागलंय, विसर्जनात विरघळणारा. तर ह्याने काय करावं? ह्या वर्षी फळ्या काढल्या, भंगार उपसलं आणि तुमचा खड्डा पुन्हा सुरू केला. मला फोनवर किती कौतुकाने सांगितलंन! "बाबांचाच खड्डा, ताय. इटा पन त्याच. पाव्हण्यांना चुरमुरं पन ठेवलं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी म्हटलं, फोटो पाठव. फोटोत तो लेंगा खोचून खड्ड्यात उभा होता, हात जोडून. मी तो फोटो लॅबमधल्या सगळ्यांना दाखवला. लॅबमध्ये उभी राहून, हातात लेप्टोच्या तपासणीची कार्डं घेऊन दाखवला बाबा. माणसाला दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही!

मग आषाढात आईचा फोन आला. ह्याला ताप, आणि डॉक्टरकडे जायला तयार नाही, आखणी राहिली आहे म्हणतो. आई पलीकडून हळू आवाजात म्हणाली, "डोळं लाल हायेत गो त्याचं. तुझ्या बापाचं झालं व्हतं तसं." मी गाऊनवर ओढणी टाकून निघणार होते, नवऱ्याने आठवण केली म्हणून कपडे बदलले. त्याच्या ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन आम्ही पेणला पोचलो, तेव्हा हा पठ्ठ्या अंगावर चादर लपेटून एका बाप्पासमोर बसला होता आणि ब्रश रंगात बुडवत होता.

"काय नाय गो ताय," तो म्हणाला, "खड्ड्यात उतरायची सवय नाय ना, पोटऱ्या भरल्यात. डोळं आखणीनं लाल झालेत. तू लॅबवाली झालीस तशी तुला जिथं तिथं जंतू दिसतात."

 खाली बसले आणि त्याची पोटरी दाबली. जोरात नाही बाबा, पिकलेला आंबा दाबून बघतात तेवढीच. तो ओरडला. आणि तो आवाज तुमचा होता. तोच, माझ्या पायाखालचा. आईने चुलीकडून वळून पाहिलं, तिलाही तो ओळखू आला होता. मग माझ्या डोक्यातले ते दोन कप्पे धाडकन एक झाले. खड्डा, भेगा, चुरमुरे, पाव्हणे, ताप, पोटऱ्या, डोळे. मी कोपऱ्यात पाहिलं, विटांच्या कडेवर चुरमुऱ्यांशेजारी काळ्या लेंड्या पडलेल्या होत्या आणि खाली खड्ड्यात पाणी चकाकत होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता रोह्याला चल."

"नि ह्यांचं डोळं कोन काढनार? तुझा नवरा?"

"बिनडोळ्यांचे राहतील. तू डोळे उघडे ठेव म्हणजे झालं."

आई मधे आली. तिच्या हातात माळ होती. शेजारच्या पोराला पाठवून तिने ती आधीच मागवून ठेवली होती. "पिवळा पडायच्या आधीच घालू गो. तुझ्या बापाला उशिरा घातली." मला राग यायला हवा होता. पण तिचा चेहरा बघितला आणि कळलं की इतकी वर्षं ती हेच मनात घेऊन बसली आहे, माळ उशिरा घातली. मी म्हटलं, घाल. माळ घाल आणि गाडीत बस. अशी आमची वरात निघाली, माळ घातलेला नवरदेव मागच्या सीटवर थंडीने कुडकुडत, शेजारी करवलीसारखी आई, आणि वडखळच्या चौकात डोलवीच्या कंपनीचे ट्रक असे अडकलेले की मला खाली उतरून ते एकेक ढकलावेत असं वाटलं.

पुढचं तुम्हाला गंमत वाटेल असं आहे. दवाखान्यात मी स्वतः त्याचं रक्त काढलं, स्वतः कार्डावर थेंब टाकला आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. त्या कार्डावर आजार असेल तर दोन रेघा उमटतात. एकच उमटली. नाही. लेप्टो नाही! भाऊ पलंगावरून म्हणाला, "बघ, सांगत व्हतो." मी ते कार्ड दोनदा उजेडात धरून पाहिलं. आमच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान, बोलायला कमी. त्यांनी कार्ड पाहिलं, बाजूला ठेवलं आणि मला म्हणाल्या, तो खड्डा कसा आहे ते पुन्हा सांगा. मी सांगितलं. चुरमुऱ्यांपासून कोकमतेलापर्यंत सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तुमचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, कार्ड जंतूला बघत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध काय तयार केलं ते बघतं, आणि त्याला काही दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी कार्ड गप्पच बसणार. आपण थांबायचं नाही. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! नव्या मुलींना मीच शिकवते. पण पलंगावर आपला माणूस असला की शिकलेलं सगळं कुठे जातं कोण जाणे. त्यांनी रक्ताचे चार थेंब मुंबईच्या लॅबने दिलेल्या एका खास नळीत घालायला लावले, तिथे जंतू वाढतो का ते बघतात, आणि लगेच पेनिसिलिन सुरू केलं. आईने विचारलं, माळ काढू का? त्या म्हणाल्या, "राहू दे आजी. माळ पण राहू दे, सुई पण राहू दे." त्या बाईंच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं.

मग सुरू झालं लघवीची वाट बघणं. हसू नका. तुमच्या वेळी जे कुणी मोजलं नाही ते मी मापाच्या भांड्यात मोजत होते. एका दिवशी फार कमी झाली, रक्तातले आकडेही चढले, डोळ्यांत पिवळं दिसायला लागलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. लॅबच्या मोरीत नळ सोडून रडून घेतलं आणि तोंड धुऊन पुन्हा त्याच्या उशाशी जाऊन बसले. तो ग्लानीत म्हणत होता, "ताय, त्या मोठ्या बाप्पाचा डावा डोळा राहिलाय." मी म्हटलं, राहू दे, तूच काढशील. दुसऱ्या दिवशी भांडं भरलं. नर्सने ते उचलून मला दाखवलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, खोलीतले बाकीचे पेशंट बघायला लागले. आईने कुणाला काही न विचारता पेढे आणले. आणखी काही दिवसांनी मी कार्ड पुन्हा केलं. बाबा, दोन रेघा! ठसठशीत, काजळाच्या बोटाने ओढल्यासारख्या. मी ते कार्ड घेऊन धावत गेले आणि भावाच्या नाकासमोर धरलं. तो म्हणाला, "आजारी हाय म्हनून एवढी खूश होनारी तू पयलीच."

तुमच्या आजाराचं निदान आता कुणी लिहून देणार नाही. पण डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बहुतेक तेच. मला तेवढं पुरे. आईलाही ते सांगितलं. माळ उशिरा घातली म्हणून तुम्ही गेला नाहीत, माळेचा त्यात काही संबंध नव्हता, लवकर घातली असती तरी तेच झालं असतं, असं तीन-चार प्रकारे सांगितलं. ती म्हणाली, "मग माजं चुकलं नव्हतं?" मी म्हटलं, नव्हतं. त्यानंतर तिने सलग दोन कप चहा प्यायला.

घरी परत गेल्यावर खरी लढाई. मी गमबूट घेऊन गेले होते, गुडघ्यापर्यंतचे, काळे. भाऊ बघून म्हणाला, "बाप्पाच्या मातीत बूट घालून उतरू? तुला येड लागलंय काय?" तो तुमच्याच तोंडाने बोलत होता. आईनेच तोडगा काढला. ते बूट नवे होते, रस्त्याला लागलेले नव्हते. तिने ते धुतले, पाटावर ठेवले, त्यांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, हे आता हत्यार झालं, कोरणीसारखं. हत्याराने माती मळायला काय हरकत आहे? तेव्हापासून ते बूट कारखान्याबाहेर जात नाहीत, खुंटीवर असतात, आणि दसऱ्याला कोरण्यांच्या रांगेत दोन गमबुटांवर झेंडूची फुलं होती! तुम्ही हे बघायला हवं होतं. खड्ड्यावर आता झाकण आहे. पाव्हण्यांच्या चुरमुऱ्यांवरून मात्र दोन दिवस भांडण झालं. शेवटी चुरमुरे बंद, धान्याचे डबे पत्र्याचे आणि फटी सिमेंटने बंद. पिंजरा लावायला भाऊ तयार नव्हता. त्याने तुमचंच वाक्य मला ऐकवलं, मालकाचं अन्न खातो आपण. मी म्हटलं, मालकाला तुझे हात हवे आहेत की नकोत? मग लावला. पिंजऱ्यात पहिला पाव्हणा सापडला तेव्हा आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो, तो आमच्याकडे. पुढचं काम नवऱ्याने केलं, त्याने कधी कुणाचे डोळे आखलेले नाहीत. त्या मोठ्या बाप्पाचा डावा डोळा भावाने चतुर्थीआधी काढला, आणि तो असा उतरला की मी मान वळवली. आणि मूषकांचे डोळे ह्या वर्षी पुन्हा मी आखले. अजून तिरळेच येतात.

आता कालचं. इतका वेळ तेच सांगायला थांबले होते. मुंबईच्या त्या लॅबने आम्हा तालुक्याच्या लॅबवाल्यांना शिकायला बोलावलं होतं. तिथल्या मॅडमनी आधी ह्याचे सगळे भाऊबंद चित्रांत दाखवले. एक गुप्तरोगाचा, ज्याचं नाव लोक अजून कुजबुजत घेतात. एक उवांच्या अंगावरून माणसात येणारा, त्याचा ताप जातो आणि पुन्हा येतो. आणि एक दुसऱ्या कुळातला, पण अंगाने असाच वळणदार, तो पोटात राहून जखमा करतो. तुमच्या पोटातल्या जळजळीला तुम्ही कोरा चहा आणि काकांना जबाबदार धरायचात, कदाचित काका निर्दोष असतील. मग मॅडम माझ्याकडे वळल्या, "तुमच्याकडून आलेल्या नळीत वाढ झाली आहे. सहसा होत नाही. बघायचाय?" माझ्या भावाच्या रक्तातला बाबा! आमचाच, पेणचा, आपल्या खड्ड्यातला. ह्याला रंग लागत नाही, इतका बारीक. म्हणून खालून उजेड न टाकता कडेने टाकतात. कौलाच्या फटीतून ऊन आत आलं की एरवी न दिसणारी धूळ चमकते ना, आपल्या कारखान्यात सकाळी दिसायची तशी, अगदी तोच प्रकार. मी डोळा लावला. सगळा काळोख, आणि त्यात चांदीचे केस पोहत होते. प्रत्येकाला इतके जवळजवळ वेढे की मण्यांची माळ वाटावी, टोकाला आकडी वळलेली, आणि स्वतःभोवती गरगर फिरत पुढे जायचे, थांबायचे, तसेच मागे यायचे. हवं तर पुढे, हवं तर मागे, वळायची गरजच नाही!

मी येताना ठरवून आले होते की त्याला बघितलं की मनातल्या मनात चार शिव्या द्यायच्या. इथे सगळ्यांना मी तेच सांगितलंय, की माझ्या बापाला खाणारा मी डोळ्यांनी पाहिला. त्यापुढचं कुणाला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. आणि हे कागदही मी गॅसखालच्या फळीवर जुन्या वर्तमानपत्रात ठेवून देणार आहे, भात आधीच करपलाय. ती रेघ फार सुंदर होती बाबा. चार केसांच्या ब्रशने, श्वास रोखून, एका दमात तुम्ही पापणीची कड ओढायचात तशी. मला शिवी आठवलीच नाही. मी डोळा न हलवता एक हात मागे केला आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, इकडे या, बघा हे." मॅडमनी विचारलं, कुणाला हाक मारली? मी म्हटलं, कुणाला नाही.